चूर्णाच्या चार पुड्या

माझे गुडघे माझ्याआधी उठतात. पहाटे पाचला मी डोळे उघडायच्या आत त्यांचं दुखणं सुरू झालेलं असतं. पुढचा अर्धा तास मी कॉटवर बसून त्यांना तेल चोळत, ‘चला आता, पुरे झाले लाड’ म्हणत घालवते. वय बहात्तर. पायऱ्या उतरते त्या पाठमोरी, कठडा दोन्ही हातांनी धरून. माझा मुलगा जिनेंद्र मला मोबाईलवर गुडघ्यांच्या व्यायामाचे व्हिडिओ पाठवतो. त्यातली बाई पंचविशीची असते आणि पाय वर करताना हसत असते. मला त्या बाईचा मनापासून राग येतो.

लोक म्हणतात, साताऱ्याच्या नोकरीनं माझे गुडघे घालवले. बावीस वर्षं तिथं शाळेत शिकवलं, आणि भाड्याचं घर किल्ल्याच्या उतारावर होतं, रोजची चढउतार. ते अर्धंच खरं आहे. हे गुडघे मला वडिलांकडून आलेत. आप्पांचा पाय दगा द्यायच्या आधी खूण करायचा. नुसतं उभं असतानाही उजव्या पायाचा अंगठा आपोआप जमिनीवरून उचलला जायचा, आणि मग गुडघ्याच्या वर, मांडीत, कातडीखाली काहीतरी फडफडायचं. ही खूण पहिल्यांदा दिसली त्या वर्षी ते काठीवर आले आणि पुढच्या वर्षी हळद शिजवायच्या काहिलीजवळ पडले. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणात होते. तात्या आणि मी, आम्ही दोघं भावंडं, आळीपाळीनं त्यांना भरवायचो. आप्पा तोंड फिरवायचे आणि घास गालावरून उशीवर यायचा. एकदा ताट बाजूला सारून तात्या म्हणाला, “चंदन, पडून खायाचं माझ्या वाट्याला नगं.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तो बावीस. ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तात्या म्हणजे तात्यासाहेब. पन्नास वर्षं ऊस आणि हळद केली, बायको गेली, मूलबाळ नव्हतं, आणि नऊ वर्षांपूर्वी त्यानं दिगंबर मुनींची दीक्षा घेतली. कपडे सोडले, घर सोडलं, नावही सोडलं. दीक्षेनंतरचं नाव मी इथं लिहीत नाही. गावात सगळे नुसतं महाराज म्हणतात, मीही तेच म्हणते. बाहेरून महाराज, आतून तात्या.

मुनींचं खाणं कसं असतं ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. दिवसातून एकदा, सकाळी दहाच्या सुमाराला, उभ्यानं, स्वतःच्या जोडलेल्या ओंजळीत. तेवढंच अन्न, तेवढंच पाणी. बसून नाही, भिंतीला टेकून नाही, कुणी धरून तर नाहीच. अन्नात केस निघाला, मुंगी निघाली, तर ओंजळ सुटते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आणि ज्या दिवशी पाय उभं राहू देत नाहीत त्या दिवशी मुनी सगळ्यांची क्षमा मागून अन्न सोडायचं व्रत घेतात. त्याला सल्लेखना म्हणतात. आमच्यात त्याचा मोठा मान आहे. मी स्वतः दोन वेळा अशा मुनींच्या दर्शनाला गेले आहे आणि हात जोडून कृतार्थ होऊन परतले आहे. ते माझे भाऊ नव्हते.

या वर्षी महाराजांचा चातुर्मास आमच्याच गावात ठरला. आमचं गाव सांगलीपासून बारा-पंधरा किलोमीटरवर, वारणेच्या अंगाला. बस्तीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या गल्लीत चार घरांनी चौके लावले. चौका म्हणजे मुनींच्या आहारासाठी वेगळं काढलेलं स्वयंपाकघर: विहिरीचं गाळलेलं पाणी, घरात दळलेलं पीठ, धुतलेली लुगडी, कुणाचा स्पर्श नाही. रोज सकाळी महाराज मनाशी काहीतरी खूण ठरवून निघतात, आणि ज्या दारात ती दिसेल तिथं थांबतात. कुणाचं दार, ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून चारी घरं रोज रांधतात आणि कलश घेऊन दारात उभी राहतात.

श्रावणातल्या एका सोमवारी ते आमच्या दारात थांबले. मी म्हणाले, “नमोस्तु महाराज, तिष्ठ, तिष्ठ. मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध, आहार-जल शुद्ध.” हे शब्द म्हटल्याशिवाय मुनी आत येत नाहीत. ती घरच्यांनी दिलेली जबानी असते. पाय धुतले, पूजा झाली, महाराज पाटापाशी उभे राहिले आणि ओंजळ जोडली. माझी सून स्वप्नाली भाताचा घास घालत होती. मी दुधाचं भांडं घेऊन बाजूला वाकले होते, म्हणून माझी नजर खाली होती.

त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरून उचलला गेला. मग गुडघ्याच्या वर फडफडलं.

आहार पुरा झाला, सगळे जयजयकार करत बस्तीपर्यंत पोचवायला गेले, आणि मी चौक्यात भांडं तसंच धरून उभी राहिले. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी कळलं नसतं. ते वाचायला आप्पांची पोरंच हवीत, आणि त्यातल्या एकाला नऊ वर्षं स्वतःच्या देहाकडे बघायचंच नव्हतं. मी हिशेब केला. आप्पांना वर्ष मिळालं होतं, पण आप्पा काठी घ्यायचे, दोन वेळा जेवायचे. महाराजांकडे चातुर्मास संपेपर्यंतही दिवस नव्हते.

मला माझा भाऊ हवा होता. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

माझ्या कपाटात गोळ्या होत्या. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या, पिवळ्या, दुखणं फारच वाढलं तर रोज एक. घेतली की चार तास मी चाळिशीत जाते. डॉक्टरांनी बजावलं होतं, “उपाशीपोटी अजिबात नाही, आजी. पोटात जखम होते. काळं शौचाला झालं तर तसंच निघून यायचं.” मी तेव्हा शहाण्या मुलीसारखी मान हलवली होती.

मुनी इंग्रजी औषध घेत नाहीत. वनस्पतींचं चूर्ण वगैरे आहाराबरोबर चालतं, पण ते मागत नाहीत. आपण ओळखून द्यायचं असतं. मी सुंठ, मेथी आणि ओवा भाजून चूर्ण केलं आणि खलबत्त्यात एक पिवळी गोळी कुटून त्यात मिसळली. मेथीच्या कडूपणात गोळीचा कडूपणा कळत नव्हता. मी जिभेवर ठेवून पाहिलं. उरला प्रश्न महाराज कुठं थांबतील याचा. मग मी चार पुड्या केल्या आणि चारी चौक्यांत पाठवल्या, ‘महाराजांच्या पायासाठी, तुपातून द्या’ असा निरोप देऊन. गावात माझ्या शब्दाला वजन आहे. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

आठव्या दिवशी शेजारची शालूबाई अंगणातून ओरडतच आली. तिचाही चौका होता. “आक्का, तुमच्या चूर्णानं कमाल केली बघा. म्हाराज आज खांबावानी हुबं ऱ्हायलं. लय बरं वाटलं जिवाला.”

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले. पुढच्या वेळी महाराज आमच्या दारात आले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पाहिला तो अंगठा. तो जमिनीला टेकलेला होता, शेवटच्या घासापर्यंत.

रोज चार गोळ्या कुटायच्या, त्यातली एक महाराजांच्या पोटात जायची आणि तीन पुड्या संध्याकाळी चुलीत. माझ्यासाठी काही उरत नव्हतं. मी माझी गोळी बंद केली. माझ्या पायांनी त्याचा सूड घेतला. पहाटेचा अर्धा तास एक तासावर गेला. संडासातून उठताना मी नळ धरायला लागले आणि एकदा नळच हातात आला. जिनेंद्रनं नवा नळ बसवला आणि म्हणाला, “आई, तू ऑपरेशनला एवढी का घाबरतेस?” मी म्हटलं, “चातुर्मास होऊ दे.” माझ्या प्रत्येक प्रश्नाचं तेच उत्तर झालं होतं.

मग भाद्रपद लागला. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत महाराजांनी एक दिवसाआड उपवास धरला. शिवाय दूध सोडलं, आणि नंतर तूपही, म्हणून चूर्ण पाण्यातून जायला लागलं. ते असं का करत होते ते गल्लीला कळलं होतं: पाय सुधारलेत, शक्ती आहे, तर तपश्चर्या वाढवावी. शक्ती माझी होती. म्हणजे मिरजेच्या डॉक्टरांची. आणि ती रिकाम्या पोटात पडत होती.

मला डॉक्टरांचं वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. पोटाला जपणारी दुसरी गोळीही माझ्याकडे होती, पण ती कॅप्सूल. तिचं टरफल जनावराच्या हाडांपासून करतात असं ऐकलं होतं. म्हणून मी प्रत्येक कॅप्सूल उघडून आतले दाणे चूर्णात टाकायची आणि टरफल फेकून हात धुवायची. तेवढा धर्म मी पाळला. तेव्हा त्या हात धुण्यानं मला चक्क समाधान वाटायचं.

एकदा थांबूनही पाहिलं. दोन दिवस पुड्यांत नुसतं चूर्ण पाठवलं. दुसऱ्याच दिवशी शालूबाई सांगत आली, महाराज आहारात लटपटले, पण सावरले. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा खलबत्ता काढला. एकदा हात घातल्यावर तो बाहेर काढायचा कसा, हे मला कळेना.

गोळ्या संपल्या तशी मी एकटीच एसटीनं मिरजेला गेले. डॉक्टरांनी कागद पाहिला. “आजी, एवढ्या लवकर संपल्या? रोज किती घेता?”

“दुखतं फार,” मी म्हटलं. दुखत होतंच.

त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. “रक्त बरं दिसतंय. पोटात जळजळ? काळं शौचाला?”

“नाही.”

हे माझ्याबद्दल खरं होतं. परत येताना एसटीत माझ्या मनात एकच विचार होता, की हा प्रश्न ज्याला विचारायचा त्याला कुणीच विचारलेला नाही. महाराजांचा चेहरा मला आठवत होता. गेले काही दिवस तो पिवळट, मेणचट दिसत होता. गावातले म्हणत होते, तेज आलंय.

सन्मती हा बस्तीची व्यवस्था बघणारा पन्नाशीचा माणूस. रोज सकाळी महाराज शेताकडे जातात तेव्हा कमंडलू घेऊन तोच बरोबर असतो. बस्तीच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. विचारायची लाज वाटत होती, पण विचारलं.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, “आक्का, तुमीच इचारलंत म्हणून सांगतो. धा दिस झालं, डांबरागत काळं व्हतंय. मी म्हाराजांना म्हणलं, वैद्याला इचारूया का. तर म्हणालं, चूर्णाचा रंग आसंल.”

मी पायरीवर बसले. बसले म्हणजे पायांनीच बसवलं.

“आक्का, पाणी आणू का?”

“नको,” मी म्हटलं. “उद्या महाराज कुणाकडं थांबतील रे?”

“ते कुणाला ठाव असतंय?”

त्या संध्याकाळी महाराजांचं प्रवचन होतं. मी मागं, खांबाजवळ खुर्चीवर बसले. खाली बसणं मला आता जमत नाही. प्रवचन देहावरच होतं. महाराज शांतपणे, प्रमाण भाषेत बोलत होते. म्हणाले, “मी या गावात आलो तेव्हा माझे पाय थकले होते. मी मनात ठरवलं होतं, की पाय सांगतील त्या दिवशी आहार सोडायचा. शुद्धीवर असताना, बुद्धी ठिकाणावर असताना सोडायचा. अंथरुणात लोळत, कुणाच्या हातचं गिळत नाही. माझ्या गुरूंना, आचार्यांना, तसं कळवलंही होतं. पण पायांनी उलटंच सांगितलं. अजून चाला म्हणाले. मी देहाचं ऐकतो आहे. देह खोटं बोलत नाही.”

लोकांनी माना डोलावल्या. मी खांब धरला. चाळीस दिवसांपूर्वी त्याला जे करायचं होतं ते त्याला धडपणी करता आलं असतं. आता त्याच्या पोटात रक्त सांडत होतं, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. ज्या मरणाला तो आप्पांच्या अंथरुणापासून टाळत आला होता, त्याच मरणाकडे मी त्याला घास घास करून नेत होते.

दुसऱ्या दिवशी मी चूर्ण केलंच नाही. चारी घरी निरोप पाठवला, आज पुडी नाही. दहाच्या आधी कलश घेऊन दारात उभी राहिले. माझे पाय इतके दुखत होते की मी कलशाचा भार पोटावर टेकवला होता. मनात एकच होतं, इथंच थांबू देत. आणि ते आले, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थबकले, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मन शुद्ध, वचन शुद्ध,” मी म्हणाले. पुढं शब्द फुटेना. जिनेंद्र शेजारी उभा होता, त्याला वाटलं मी विसरले, त्यानं पुटपुटून आठवण दिली. महाराज वाट बघत होते. मी म्हटलं नाही तर ते उपाशीच परत जातील. “काय शुद्ध. आहार-जल शुद्ध.” बऱ्याच दिवसांनी यातलं शेवटचं तरी खरं होतं.

ते आत आले. पाय धुतले, पूजा झाली, ओंजळ जोडली गेली. स्वप्नालीनं पाणी घातलं. दोन घास झाले. चौथ्या घासाला अंगठा उचलला गेला. मांडी फडफडली, थांबली, पुन्हा फडफडली. दारात शालूबाई आणि सन्मती उभे होते, त्यांना काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि मी धावून त्याला धरूही शकत नव्हते, कारण धरलं की आहार मोडला. मी जागेवरून हलले नाही. गुडघा गेला. महाराज पडले नाहीत. ते हळूहळू खाली आले, एक हात जमिनीला टेकवत, आणि टेकवायला हात लागला म्हणून ओंजळ सुटली. भात फरशीवर सांडला.

महाराज सांडलेल्या भाताकडे पाहत म्हणाले, “झालं.”

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर. गोळी कसली, कुठली, कधीपासून, कशात मिसळली, डॉक्टर काय म्हणाले होते. वर्गात धडा वाचावा तशी मी सलग बोलत गेले. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

पहिली बोलली ती शालूबाई. आवाज चढला नव्हता. “आक्का, मी रोज म्हणत हुते, आहार-जल शुद्ध. माझ्या तोंडातनं वदवलंत तुमी.” आणि ती निघून गेली. त्यानंतर ती आमच्या दारात आलेली नाही.

महाराजांनी विचारलं, “किती दिवस?”

“एकेचाळीस. मधले दोन आणि उपवासाचे सोडून.”

ते डोळे मिटून बसले. मला वाटलं आता शाप येईल, मुनी शाप देत नाहीत हे ठाऊक असूनही वाटलं. डोळे उघडले तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, माझ्या पावलांकडे पाहत होते. माझा अंगठा उचललेला होता. मला स्वतःला ते तेव्हाच कळलं.

“मग इतकं दिस तू काय घेत हुतीस?”

“काही नाही.”

नऊ वर्षांत त्यांनी मला तू म्हटलं नव्हतं. बराच वेळ ते त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पाय कवाच बोललं हुतं. मधी तू बोललीस, चंदन.”

एवढंच. रागावले असते तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

त्याच दुपारी जिनेंद्रनं सांगलीहून डॉक्टर आणले. ते म्हणाले, आतून रक्त जातंय, आजच दवाखान्यात न्यायला पाहिजे. महाराजांनी हात जोडले आणि मान हलवली. आचार्यांना फोन गेला, परवानगी आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत त्यांनी सगळ्या गावाची क्षमा मागून व्रत घेतलं. ते उभ्यानं घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण बसून घ्यावं लागलं. सन्मतीनं पाठीमागून आधार दिला होता. माझ्याकडे वळून त्यांनी इतरांइतकाच वेळ हात जोडले.

निघताना मी म्हटलं, “महाराज, मला प्रायश्चित्त द्या.”

त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. म्हणाले, “तुमची गोळी तुम्ही घेत जा. पोटभर खाऊन घेत जा.”

हे प्रायश्चित्त मला झेपलं नाही. मी माझं मीच ठरवलं. गोळ्यांचं पाकीट स्वप्नालीच्या हातात दिलं आणि म्हटलं, टाकून दे, मी पुन्हा घेणार नाही. आणि रोज दहाला कलश घेऊन दारात उभं राहायचं, पाय राहू देतील तोवर. गल्लीत आता कुणी येणार नाही हे मला कळतं. लोक बस्तीकडे दर्शनाला जाताना माझ्याकडे बघतात आणि नजर फिरवतात. पंधरा मिनिटं झाली की अंगठा उचलला जातो, मांडी फडफडते, आणि मी चौकट धरून आत येते. स्वप्नाली उंबऱ्यात उभी असते. तिला मी या खुणेबद्दल कधी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवशी तिनं महाराजांचा अंगठा पाहिला, मग माझा. ती हुशार मुलगी आहे.

आज व्रताचा बारावा दिवस. सन्मती सकाळी सांगून गेला, महाराजांनी काल पाणीही सोडलं, आता ते डोळ्यांनीच ओळख देतात. मी दहाला दारात उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. उन्हानं कलश तापला, तरी मी उभी होते. खाली पाहिलं. अंगठा जमिनीला टेकलेला होता. मांडी शांत होती. चाळिशीत असल्यासारखे पाय.

सकाळचं दूध आठवलं. स्वप्नालीनं आज त्यात हळद आणि सुंठ जास्त घातली होती, आणि तळाचा घोट कडवट लागला होता. पेला परत देताना तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मी मागं वळले. ती उंबऱ्यातच उभी होती, माझ्या पावलांकडे बघत. तिच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, जो चूर्णाच्या आठव्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर असणार. मला असा संताप आला की कलश तिथंच आपटावा. पण मला बोलता येईना. हातात कलश होता, आणि पाय अजून कितीतरी वेळ उभे राहायला तयार होते.